एक धुराडं, दोन मजले

शालूताई, अखेर धुराड्यात नळी बसली. वरच्या मजल्यावरच्या शेगडीला बसली, माझ्या. जिंकलात तुम्ही. झालं समाधान? तुम्ही असतात तर "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणून दिवसभर मला पिडलं असतंत, आणि संध्याकाळी पोह्यांची ताटली जिन्याच्या पायरीवर ठेवून भांडण मिटवलं असतंत. आज कुणी पिडलं नाही. घर नुसतं गप्प बसलंय, आणि मला ते अजिबात सहन होत नाहीये.

तुम्हाला जाऊन अजून महिनाही झाला नाही. इथल्या पेपरात काळ्या चौकटीत तुमचं नाव आलं, तुमच्या नवऱ्याच्या, डीटरच्या, आडनावासकट, आणि खाली जन्मगाव मिरज. मी ते कापून ठेवलं नाही. त्या चौकटीतल्या बाईला मी ओळखतच नव्हते. मी जिला ओळखत होते ती मला भिंतीतून हाका मारायची.

इथे जर्मनीत, येनाला मी पीएचडीला आले तेव्हा खोली शोधत होते. कुणीतरी तुमचा नंबर दिला. मी रात्रभर घोकलेलं जर्मन वाक्य म्हणायला सुरुवात केली, तर तुम्ही मध्येच तोडून म्हणालात, "मराठी ना गं तू? कुठली? नाशिकची? जेवलीस का?" भाडं किती, खोली केवढी, हे सगळं नंतर. मला वाटलं, बाई फारच प्रेमळ दिसतेय. प्रेमळ होतात, पण केवढ्या हट्टी निघालात! माझ्यासारखीला तुमच्यासारखीच भेटायची होती.

टेकडीच्या उतारावरचं तुमचं ते जुनं घर. खाली तुम्ही, वर मी, आणि मधोमध विटांचं एकच धुराडं, तळघरापासून छपरापर्यंत. दोन्ही मजल्यांवर हिरव्या टाइल्सची उंच शेगडी, म्हणजे इथला ओफन, आणि दोघींचा धूर त्याच धुराड्यात. गॅसचे रेडिएटर होते की घरात, डीटरनेच बसवून घेतले होते. पण तुम्ही म्हणायचात, "रेडिएटरपाशी कुणी गप्पा मारत बसतं का?"

पहिल्याच आठवड्यात मी दात घासत उभी होते आणि भिंतीतून आवाज आला, "चहा टाकलाय गं, ये!" ब्रश हातातून पडला माझ्या. खरंच सांगते, रामरक्षा आठवली. मग धावत खाली आले, तर तुम्ही ओफनशेजारचं ते काजळी काढायचं छोटं लोखंडी दार उघडून, त्यात तोंड घालून परत ओरडायच्या बेतात होतात. "अहो, हे काय?" "इंटरकॉम," तुम्ही म्हणालात. "वरही आहे तसंच दार. उघडत जा सकाळी."

तेव्हापासून आपलं सगळं त्या धुराड्यातून चालायचं. तुमचा खोकला, तुमच्या कुकरच्या शिट्ट्या, आरती चुकली की पहिल्यापासून सुरू करणं, सगळं मला वर ऐकू यायचं. आणि माझं तुम्हाला. एकदा मी फोनकार्ड संपेपर्यंत आईशी बोलले होते, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "काल एवढी रडत का होतीस?" मी चिडले. म्हटलं, ही माझी खासगी बाब आहे. वर जाऊन त्या दाराला उशी लावली. तुम्ही दोन दिवस तोंड फुगवून बसलात, आणि तिसऱ्या दिवशी मीच उशी काढली, कारण तुमच्या शिट्ट्या मोजल्याशिवाय मला माझा भात लावायचं सुचेना.

हेर कुन्त्सेही त्या धुराड्यामुळेच आपल्याकडे यायचे. आपल्या भागाचे सरकारमान्य धुराडं साफ करणारे. दारावर चिठ्ठी लावून जायचे, अमुक दिवशी येतोय, घरी राहा. आणि तुम्ही त्या दिवशी पाहुणा येणार असल्यासारखी साडी नेसायचात. ते आले की काळ्या कोटाचं पितळी बटण धरायचं, म्हणजे नशीब फळफळतं, ही इथली पद्धत. तुम्ही बटण धरायचातच, वर त्यांना बेसनाचा लाडूही द्यायचात. ते आपल्याला कायम रागवायचे, "हे दार उघडं ठेवून ओफन पेटवू नका, धूर खोलीत येईल." तुम्ही "या, या, गेनाऊ", म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, असं म्हणून मान डोलवायचात, आणि त्यांची गाडी वळली की पुन्हा दार उघडून मला सांगायचात, "गेले बाई एकदाचे."

माझ्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी ते नेमके आले होते. तुम्ही त्यांच्या ब्रशवर बोट फिरवलंत आणि माझ्या कानामागे काजळीची तीट लावलीत. मी इस्त्रीच्या जॅकेटमध्ये उभी, "अहो ताई, प्रोफेसर काय म्हणतील!" हेर कुन्त्से हसायला लागले. म्हणाले, आमच्याकडेही काजळी लागली की नशीब येतं. तुम्ही त्यांना जर्मनमध्ये ठणकावलंत, "आमच्याकडे नशीब आलेलं कुणाला दिसू नये म्हणून लावतात." त्यांना ते पटलेलं दिसलं. पुढच्या वेळी आले तेव्हा त्यांनी मुलीच्या लग्नाचं सांगितलं आणि स्वतःचा कान पुढे केला.

आता त्या निर्माल्याचं. ताई, हा वाद आपला मिटला नाही, आणि आता मिटणारही नाही, तर मी माझी बाजू सांगूनच घेते. निर्माल्य कुणी जाळतं का हो? पहिल्या गणपतीनंतर आपण पिशवी घेऊन नदीवर गेलो होतो. सायकलवरच्या एका आजीबाईंनी थांबून विचारलं, पाण्यात काय टाकताय? तुम्ही पिशवी पोटाशी धरून अशा उभ्या राहिलात, जणू चोरीचा माल आहे. परत आलो. मी म्हटलं, बिओटोने आहे, ओल्या कचऱ्याचा डबा, त्यात टाकू. तुम्ही माझ्याकडे बघितलंत ते अजून आठवतं. "बटाट्याच्या सालांवर गणपतीची फुलं?"  आणि तुम्ही ओफनचं दार उघडून सगळं आत ढकललंत. "अग्नीला दिलं. कचऱ्यात तर नाही ना टाकलं?"

तेव्हापासून दर पूजेचं तेच. ओले हार, दूर्वा, नारळाची शेंडी, तुपात भिजलेल्या वाती. माझ्या देवघरातलं मीही वर तेच करायला लागले. फुलं जळायची कुठली, धुमसत राहायची, आणि घरात एक चमत्कारिक गोडसर वास भरायचा. तुम्ही म्हणायचात, "बघ कसं प्रसन्न वाटतं." मला खोकला यायचा.

आणि मग या दिवाळीतली ती सकाळ. मी वर करंज्या तळत होते. भिंतीतून घरघर आली. वाटलं, रस्त्यावरून ट्रक जातोय. पण ट्रक जाईचना. आवाज वाढतच गेला, भिंतीला हात लावला तर चटका. लोखंडी दारातून तुमची किंकाळी आली, "अगं, धुराडं पेटलं!" दोघी जिन्यात एकमेकींवर आदळलो. तुम्ही देव पदरात बांधले होतेत, पायात एकच चप्पल. बाहेर आलो तर छपरावर धुराड्याच्या तोंडातून ज्वाळा. समोरच्या घरातली माणसं खिडक्यांत. बंबवाले आले, पण पाणी मारलं नाही. पाणी मारलं तर धुराडं फुटतं म्हणे, म्हणून नुसते पहारा देत उभे राहिले, जळून संपेपर्यंत. तुम्ही माझा हात धरला होतात. केवढा घट्ट धरला होतात, ताई.

हेर कुन्त्से दुपारी आले. धुराड्यात कॅमेरा सोडला, आतून खरवडून काळ्या काचेसारखा डांबराचा तुकडा काढला, हुंगला, आणि आपल्याला विचारलं, "हे काय जाळत होतात? टायर?"

"ब्लूमन," तुम्ही म्हणालात. फुलं.

"फुलं?"

"देवाची."

त्यांनी तुमच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आल्झो," ते म्हणाले, "म्हणजे फुलं ओली होती." बस, एवढंच. त्यांच्या जागी मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. ओलं धुमसलं की त्याचं डांबर होऊन आत चिकटतं, आणि एक दिवस पेट घेतं. विटांना आतून चिरा गेल्यात, त्यातून धूर खोल्यांत शिरेल. आता आतून सगळं खरवडून, वरपासून खालपर्यंत पोलादाची नळी सोडायची. तोवर एकही ओफन पेटवायचा नाही. आणि नळी अरुंद, म्हणून तिला एकच ओफन जोडता येईल. दुसऱ्याचं भोक विटांनी बुजवायचं. वरचा ठेवायचा की खालचा, ते दोघींनी ठरवून कळवा.

दोघींनी ठरवून! त्यांना आपण कुठे ठाऊक होतो?

मी म्हटलं, खालचा. तुमचे गुडघे, तुमचा खोकला, टाइल्सना पाठ लावून बसल्याशिवाय तुमची सकाळ होत नाही. तुम्ही म्हटलंत, वरचा. मी विचारलं, का? तर म्हणे, उष्णता वर जाते. अहो, मी फिजिक्स शिकलेय, ताई! मग खरं कारण बाहेर आलं. त्याच सुमारास मला ड्युसेलडॉर्फहून विचारणा आली होती. इथे संस्थेत वर्षावर्षाने वाढणारं काँट्रॅक्ट, तिकडे कायमची नोकरी. तुम्हाला मी सांगितलं नव्हतं, धुराड्याने सांगितलं होतं. "ओफन असलेली खोली सोडून कुणी जातं का?" तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "मला लाच देताय?" तुम्ही लाजला नाहीत की काही नाही. "हो," म्हणालात.

त्यानंतर रोज एकच प्रश्न. "ठरलं का?" मी म्हणायचे, "बघू." ओफनचं विचारताय की नोकरीचं, हे मी कधी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत. हेर कुन्त्सेंना दोनदा तारीख पुढे ढकलायला लावली आपण. फोनवर ते म्हणाले, "फ्राउ डॉक्टर, थंडी संपत आली, तुमचं ठरत नाही." त्यांना वाटत होतं, आपण ओफनवरून भांडतोय. नळी एकदा आत गेली की धुराडं नुसती नळी होणार, आणि तुमची हाक वर येणार नाही, हे आपल्या दोघींनाही पहिल्या दिवसापासून कळलं होतं. ते मात्र एकीनेही तोंडातून काढलं नाही.

ह्या हिवाळ्यासारखा हिवाळा मी कधी काढला नाही. ओफन दोन्ही थंड, आणि धूर नाही म्हणून लोखंडी दारं दिवसभर उघडी. रविवारी मी दारापाशी गोधडी टाकून बसायचे, तुम्ही खाली खुर्ची ओढून. "अहो, मी खालीच येते ना," मी म्हणायचे. "नको, बस तिथेच. असं बरं वाटतं." समोर बसून तुम्ही मला नेहमी खाऊच घातलंत. पण धुराड्यातून तुम्ही बोललात. डीटर गेल्यावर पहिल्या वर्षी तुम्ही आठवडाभर कुणाशी एक शब्द बोलला नव्हतात, आणि मग बाजारात बटाटे मागताना आवाजच फुटला नाही, ते. मराठी आपण विसरलो तर नाही ना म्हणून भांडी घासताना पाढे म्हणायचात, ते. वरची खोली भाड्याने द्यायची गरज नव्हती, वर कुणाची तरी पावलं वाजावीत एवढंच हवं होतं, ते. मी वर गोधडीत बसून ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांतून नुसतं पाणी गळत होतं. बरं झालं तुम्हाला दिसत नव्हतं. तेही तुम्हाला कळलंच असणार म्हणा.

मला तुम्हाला सांगायचं राहिलं की मीही आठ-आठ दिवस संस्थेत सकाळचं "मोर्गन" आणि निघतानाचं "चूस" यापलीकडे बोलायची नाही. प्रकाश मोजायचा, आकडे लिहायचे, घरी यायचं. तुमची हाक ऐकली की तेव्हा कुठे माझं नाव मला आठवायचं. हे मी का नाही सांगितलं, कोण जाणे. तुम्ही डोक्यावर बसाल अशी भीती वाटली असेल.

मग तुमचा खोकला वाढला. मी डॉक्टर म्हणत होते, तुम्ही आल्याचा काढा म्हणत होतात. रुग्णवाहिका आली तेव्हा तुम्हाला धड श्वासही घेता येत नव्हता, आणि जिन्यापाशी माझी बाही ओढून विचारलंत ते काय? "ठरलं का?"

"आधी बऱ्या व्हा," मी म्हटलं.

अतिदक्षता विभागाच्या दाराशी नर्सने विचारलं, तुम्ही कोण? भाडेकरू म्हटलं असतं तर आत सोडलं नसतं. मी म्हटलं, मुलगी. तिने तुमच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि झगा हातात दिला. तुमच्या तोंडात नळी, डोळे मिटलेले. मी तुमचे पाय चोळत बसले. मिरजेच्या तुमच्या भाच्याला फोन लावून तुमच्या कानाशी धरला. "आत्या, आत्या" म्हणत तो बिचारा एकटाच बोलत राहिला. तुम्ही पुन्हा डोळे उघडलेच नाहीत.

घर आता डीटरच्या पुतण्याचं. र्युसेल्सहाइमला गाड्यांच्या कारखान्यात असतो, वागायला सभ्य आहे. तुमचं सामान त्याने नेलं, देव माझ्याकडे दिले. खालचा मजला तो भाड्याने देणार. म्हणाला, "घरात तुम्ही राहता, ओफनचं तुम्हीच ठरवा."  भांडायला समोर कुणी नसलं की वाद जिंकून करायचं काय? "वरचा," मी म्हटलं. निदान एवढं तरी तुमचं ऐकावं.

आज सकाळी नळीवाले आले. काल त्यांनी साखळ्या फिरवून धुराडं आतून खरवडलं होतं. तळघरात काळ्या काचेच्या बादल्याच्या बादल्या निघाल्या, आपली सगळी गणपतींची फुलं. हेर कुन्त्से देखरेखीला. तुमच्या रिकाम्या स्वयंपाकघरात आले आणि टोपी काढून नुसते उभे राहिले. मग छपरावर चढले. वर दोन धुराडी शेजारीशेजारी आहेत, एक गॅसचं, एक आपलं. चुकीच्यात नळी जाऊ नये म्हणून त्यांचा एक रिवाज आहे: खालच्या भोकापाशी कुणीतरी उभं राहून बोलायचं, आणि वरच्याने ऐकून खात्री करून घ्यायची. कारागीर तळघरात कामात अडकलेले. हेर कुन्त्से म्हणाले, "फ्राउ डॉक्टर, तुम्हीच जा."

म्हणून मी तुमच्या खोलीत गेले. सामान नेल्यापासून पहिल्यांदाच. पडदे नाहीत, खुर्ची नाही, भिंतीवर कॅलेंडरचा चौकोन तेवढा पांढरा राहिलाय. ओफनशेजारी गुडघ्यांवर बसले आणि ते लोखंडी दार उघडलं. इतकी वर्षं मी वरच्या टोकाला होते, ताई. खालून कसं वाटतं ते मला माहीतच नव्हतं. आत काळोख, आणि खूप उंचावर एवढासा उजेड.

"हालो," मी म्हटलं.

"लाउटर!" वरून हेर कुन्त्से ओरडले. मोठ्याने.

"हालो!"

"ऐकू येत नाही! काहीतरी बोला, काहीही बोला, बोलत राहा!"

काहीही बोला म्हणे. मी आकडे म्हणणार होते. एक, दोन, तीन म्हणायला तोंड उघडलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना इतक्या जोरात ओरडले मी, "ताई, मी नाही म्हणून कळवलं होतं! ड्युसेलडॉर्फला केव्हाच नकार दिला होता! मी जाणार नव्हते हो, ताई! कुठेच जाणार नव्हते!"

 मग लांबून आवाज आला.

"गुट! ऐकू आलं! आता बाजूला व्हा, नळी सोडतोय."

मी दार लावलं आणि बाजूला झाले.